लाईन गेली का? : मोठ्या हॉटेलातलं आमचं पहिलं जेवण

(आर्वी तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं आवरून.)

मंडळी, वाचनालयाच्या पोरांनी मला विषय दिला होता व्यक्तिमत्त्व विकास. मी म्हटलं, बाबू, तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. पोरांची उंची वाढलेली पाहिली, कोणाचं व्यक्तिमत्त्व विकसित होताना काही दिसलं नाही. तेव्हा आज मी माझ्या एका जेवणाबद्दल बोलतो.

हे सुचायला कारण झालं. मागच्या महिन्यात आपल्या गावचा एक पोरगा मला भेटला. पुण्याला नोकरीला लागला आहे, नाव घेत नाही, तो आत्ता इथंच बसला आहे. कंपनीनं सगळ्यांना मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं आणि हा पोट दुखतं सांगून खोलीवर झोपून राहिला. म्हणाला, सर, काटा-सुरी येत नाही, हसले असते सगळे. पोट दुखत नव्हतंच. उपाशी झोपला. मला फार लागलं ते, कारण मीही साठी उलटेपर्यंत हेच करत आलो.

2024 च्या दिवाळीतली गोष्ट. आमची पोरगी नागपूरला मिहानमध्ये, म्हणजे तिथल्या कंपन्यांच्या वसाहतीत, नोकरीला आहे. ती कायम झाली, म्हणाली, आईबाबा, चला, तुम्हाला चांगल्या ठिकाणी जेवू घालते. हॉटेलाचं नाव सांगत नाही, पुढं बिलाचा विषय यायचा आहे. तोवर आमचं हॉटेल म्हणजे स्टँडवरचा आलूबोंडा, फार तर तर्रीपोहे. इथं दारात तुरेवाला फेटा घातलेला, मिशीवाला माणूस. त्यानं सलाम ठोकला. मी सवयीनं दोन्ही हात जोडले आणि 'नमस्कार साहेब' म्हणून मोकळा झालो. मागं वळून पाहतो तर आमची मंडळी खाली वाकलेली. चप्पल काढत होती. फरशीच तशी होती हो, तोंड दिसेल अशी. पोरीनं हळूच दंडाला धरून उठवलं.

आत गेलो तर अंधार. म्हणजे दिवे होते, पण असे की ताटात काय आहे ते चाचपून पाहावं. बायको माझ्या कानाशी म्हणते, "लाईन गेली का वो इथली?" आपल्याकडं आठ-आठ तास लोडशेडिंग सोसलेल्या माणसाला मुद्दाम केलेला अंधार कसा समजावा? आणि त्याचे पैसे लागतात म्हटल्यावर तर विषयच संपला.

मग ते कार्ड आलं. मी गणिताचा मास्तर, आधी आकडे वाचले. त्यात एका ओळीत ज्वारीची भाकर. एक नग, 225 रुपये. त्या हंगामात सरकारनं संकरित ज्वारीला हमीभाव लावला होता क्विंटलला 3371. म्हणजे किलोला पावणेचौतीस रुपयांच्या आतच. एका भाकरीच्या पैशात साडेसहा किलोच्या वर ज्वारी येते, आणि एका किलोत आपल्या घरच्या दहाएक भाकरी होतात. पासष्ट भाकरींना एक भाकर! मी मान वर केली तर पोरगी म्हणाली, बाबा, हिशेब नका करू. पण तो आपोआप होतो, काय करणार?

त्या रात्री मला राग आला होता. नंतर विचार केला. या धंद्यात कच्च्या मालावर किमतीच्या तीस टक्क्यांच्या आसपास खर्च करायचा, असा सर्वसाधारण आडाखा असतो. बाकीचे पैसे जागेचे, एसीचे, रोज परीटघडी होणाऱ्या त्या पांढऱ्या चादरींचे आणि भटारखान्यात उभ्या माणसांचे. भाकर त्यात निमित्तमात्र. तरी एक बोच राहते. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं म्हणून साजरं केलं, आपल्या सरकारनं ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' म्हटलं, आणि आपल्या शिवारात ज्वारी शोधावी लागते. रानडुकरं, पाखरं, सोयाबीन... जाऊ द्या, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

भाकरीसोबत भरीत मागवलं. भरीत चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण वर हिरवं काही नव्हतं. बायकोनं वेटरला बोलावलं. गढवालचा पोरगा, विशीतला. ही आपल्या हिंदीत म्हणते, "भैया, थोडा सांबार मिलेंगा क्या? उपर डालने को." तो 'जी मॅडम' म्हणून गेला. पाच-सात मिनिटांनी चिनी मातीच्या वाटीत वाफाळतं सांबार घेऊन आला. इडलीबरोबरचं, शेवग्याच्या शेंगेसकट! कोणत्या चुलीवरून आणलं देव जाणे. आता आपल्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे गढवालला कोण सांगणार? बायको त्या वाटीकडं पाहते, तो बायकोकडं पाहतो, आणि पोरगी तोंडाला रुमाल लावून बसलेली. अखेर ती म्हणाली, "आई, धनिया म्हन." तो पोरगाही हसला. एवढ्या चकचकाटात पहिल्यांदा कोणी मोकळं हसलं. आणि मला जाणवलं की घाबरलेले आपण एकटे नाही. त्याचीही ती पहिलीच नोकरी होती.

आता माझी फजिती. तुम्ही सगळे वाट पाहत असाल की मास्तर हात धुवायचं लिंबूपाणी प्यायले. नाही प्यायलो. तो विनोद मी शाळेत चाळीसदा ऐकला होता, सावध होतो. मी फसलो वेगळीकडं. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. डाव्या हातानं तोंडात घास घालायचा म्हणजे काय! आमच्या आईनं पाठीत धपाटा घातला असता. दोन-चार घास कसेबसे झाले. जरा दम घ्यावा म्हणून मी काटा आणि सुरी ताटलीत शेजारी शेजारी, नीट ओळीत ठेवली. मास्तर आहे, खडू-डस्टरही तसेच ठेवायचो. पाणी पितो न पितो तोच मागून एक हात आला आणि अर्ध्याच्या वर भरलेली माझी ताटली उचलून घेऊन गेला. मी पाहतच राहिलो.

पोरीनं मग सांगितलं. दोन्ही जोडून ठेवलं की जेवण झालं. थांबलो असू, आणखी खायचं असेल, तर ती फाकवून ठेवायची. म्हणजे त्या वेटरनं नियमानंच केलं होतं, चुकलं कोणाचंच नव्हतं. मला तिथंच आपली पंगत आठवली. पत्रावळ दुमडली की झालं. पानावर हात आडवा धरला की नको. द्रोण कलंडू नये म्हणून खाली खडा लावायचा. पंगत उठल्याशिवाय एकट्यानं उठायचं नाही. वरण वाढणारा पुढं सरकायच्या आत भाताला आळं करायचं. हे आपल्याला कोणी शाळेत शिकवलं? पाहून पाहून आलं. उद्या तो गढवालचा पोरगा आपल्या पंगतीला बसला तर त्याचं वरण पानाखालून वाहत जाईल. आपण हसू, पण त्याला उपाशी उठू देऊ का?

आणि ही काटा-सुरी काही आकाशातून पडलेली नाही. इंग्रजांना स्वतःला काट्याची सवय नव्हती. थॉमस कोर्याट नावाचा इंग्रज 1608 साली इटलीत फिरला, तिथं त्यानं लोकांना काट्यानं खाताना पाहिलं आणि तो स्वतःही तसं करायला लागला, तर त्याच्याच लोकांनी त्याची टिंगल केली. फ्रान्सचा चौदावा लुई, एवढा थोर राजा, बोटांनी जेवायचा. आणखी गंमत ऐका. एकामागून एक पदार्थ आणून द्यायची जी पद्धत आपल्याला फार साहेबी वाटते, ती युरोपात एकोणिसाव्या शतकात रुळली आणि तिला तिकडं रशियन पद्धत म्हणतात. त्याआधी फ्रेंच वाड्यांत बरेच पदार्थ एकदमच टेबलावर मांडत. म्हणजे आपली भरलेली पत्रावळ जुन्या राजेशाही रिवाजाच्या जास्त जवळची म्हणायची!

पण पंगतीचं कौतुक करताना मी अर्धंच बोललो, तर तुम्ही मला टोकावं. मी लहान असताना गावच्या पंगतीत काही घरं शेवटी बसत, लांब, उकिरड्याच्या बाजूला. बायांचं पान तर सगळ्यांचं आटोपल्यावर, उरलं ते. स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात दोन-तीन कपबश्या बाहेर खिळ्याला टांगलेल्या असत. त्या कोणासाठी, हे म्हाताऱ्या मंडळींना ठाऊक आहे. ज्यांना ते कप धरावे लागले त्यांतले काही आज समोर बसले आहेत.

म्हणून मी शिकवताना संविधानाचं कलम 15 पोरांकडून मोठ्यानं वाचून घ्यायचो. त्याच्या दुसऱ्या खंडात स्पष्ट लिहिलं आहे : धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं इथं कोणाला अडवता येणार नाही. लगेच पुढं विहिरी, तलाव, रस्ते. हॉटेल आणि विहीर एकाच खंडात! ज्यांनी हे लिहिलं त्यांना दारात अडवणं म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. आणि मी, हे कलम तीस वर्षं शिकवणारा माणूस, नागपूरच्या त्या हॉटेलासमोरून शंभरदा गेलो असेन, पण ते आपल्यासाठी नाही असं धरूनच चाललो. मला कोणी कधी अडवलं नव्हतं.

आता बिल. खाणं झालं 5400 रुपयांचं. त्याखाली सेवाशुल्क दहा टक्के, 540. मग त्या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. एकूण 7009. जीएसटीचं म्हणाल तर तो कायदेशीर होता. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला 7500 च्या वर असतं तिथल्या उपाहारगृहाला 18 टक्के लागतो, नाही तर साध्या हॉटेलाला 5. पण सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजीच सांगितलं आहे. द्यायचं तर ग्राहकानं आपखुशीनं. आमच्या जेवणानंतर, मार्च 2025 मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं.

पोरगी म्हणाली, जाऊ द्या बाबा. मी नाही जाऊ दिलं. काट्यानं नमवलं होतं, आकड्यानं कसा नमेन? मॅनेजरला बोलावलं, शांतपणे म्हटलं, हे काढा. त्यानं आधी हॉटेलाची पॉलिसी सांगितली. मी म्हटलं, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, आपण दोघं मिळून विचारू. नवं बिल आलं, 6372. बरोबर 637 रुपये कमी. त्यातले दोनशे मी त्या गढवालच्या पोराच्या हातात दिले. सांबाराचे.

बसमध्ये बायको बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, बुजली. बुटीबोरी गेल्यावर म्हणते, "भरताले धूर कमी होता. गॅसवर भाजलं असन त्याईनं."

असो. मी वर्ध्याहून सहा काटे आणि सहा सुऱ्या आणल्या आहेत, त्या इथं वाचनालयातच ठेवतो. रविवारी ज्याला हात बसवायचा असेल त्यानं यावं, मला स्वतःला अजून काट्यानं पोहे खाता येत नाहीत. ते पुण्याचे साहेब, तुम्हीही या, सुट्टी आहे तोवर. आता मागं तर्रीपोहे तयार आहेत. पहिली पंगत बायांची बसेल. बाप्यांनी वाढायला उठा, आणि वरून सांबार टाकायला विसरू नका.