चित्राखालची ओळ

(पडद्यावर: जुन्या कागदाचा पोत. कॅमेरा इतका जवळ, की कागदाचे तंतू दिसतात.)

हा ठिपका डाग आहे, की पक्ष्याचा आहे?

भिंतीवर लावायची प्रिंट काढायला पक्ष्याच्या जुन्या चित्राचं स्कॅन उघडलं, की पहिला अर्धा तास याच प्रश्नात जातो. समोर एक कस्तुर आहे. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी छापलेला, हातानं रंगवलेला. छातीवर तपकिरी ठिपके, कस्तुराला असतात तसे. आणि पानभर तांबूस ठिपके, जुन्या कागदाला पडतात तसे. दमट हवा, बुरशी, कागदातले लोखंडाचे कण, यांचे हे उद्योग. संगणकाला दोन्ही ठिपके सारखेच. सफाईचं तयार बटण दाबलं, की पान लख्ख होतं आणि त्याबरोबर कस्तुराची छातीही लख्ख होते. पक्षी जागेवर राहतो, जात तेवढी जाते.

म्हणून बटणाला हात लावायचा नाही. एकेक ठिपका बघायचा. जलरंगाचा थेंब वाळताना रंग कडेला सरकतो, त्यामुळे कुंचल्यानं टेकवलेल्या ठिपक्याची कड गडद असते. कागदाच्या डागाची कड विरलेली असते, आणि तो पिसाच्या रेघेची पर्वा न करता आतबाहेर पसरतो. पाच-पन्नास ठिपके बघून झाले, की डोळा तयार होतो. मग हात चालतो.

(दृश्य: ग्रंथालयातलं भलंमोठं पुस्तक उघडतं. पान उलटायला दोन हात लागतात.)

ही चित्रं मुळात भिंतीसाठी नव्हती. ती पुस्तकांसाठी होती, आणि पुस्तकंही कशी, तर एकट्या माणसाला उचलायला जड. अमेरिकेतला पक्षीचित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन याचं ‘द बर्ड्‌स ऑफ अमेरिका’ १८२७ ते १८३८ या काळात हप्त्याहप्त्यानं निघालं. ४३५ चित्रं. पान सुमारे १०० सेंटिमीटर उंच आणि ६७ रुंद. एवढा कागद कशाला, तर त्याचा हट्ट होता, की प्रत्येक पक्षी खऱ्या आकाराचाच छापायचा. रोहित पक्षी तरीही मावेना. मग त्याची मान खाली वाकवली, जमिनीकडे. आज ते चित्र डौलदार म्हणून लोकप्रिय आहे. डौल कसला, कागद संपला होता!

एका हप्त्यात पाच चित्रं असत. एक मोठं, एक मध्यम, तीन लहान. चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत. लहान चित्राचा पत्रा छोटा, पण कागद तोच. त्यामुळे एवढासा पक्षी त्या भल्यामोठ्या पानाच्या मधोमध बसलेला दिसतो, चहूबाजूंनी मोकळा कागद. भिंतीसाठी प्रिंट काढणारे हमखास काय करतात, तर ती मोकळी जागा कापतात आणि पक्षी फुगवून चौकटीभर करतात. कबुतराएवढी चिमणी. चित्रकारानं आयुष्याची बारा वर्षं ज्या हट्टापायी घालवली, तो एका क्लिकमध्ये मोडला.

पूर्वी अशी चित्रं भिंतीवर यायची ती पुस्तकाचा जीव घेऊनच. अख्खं पुस्तक विकण्यापेक्षा पानं सुटी विकली तर पैसे जास्त, हे व्यापाऱ्यांना फार लवकर कळलं. शिवण उसवायची, पानं वेगळी करायची, पोपट एका घरात, घुबड दुसऱ्या. स्कॅनिंगनं निदान ही कत्तल अनावश्यक केली. ग्रंथालयांनी एकत्र येऊन चालवलेली बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी २००६ पासून जुनी पानं जगासमोर ठेवते आहे. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेनं फेब्रुवारी २०२० मध्ये २८ लाख प्रतिमा कुणालाही, कशासाठीही वापरायला खुल्या केल्या. चित्रकाराला जाऊन शतक उलटलं, म्हणजे मूळ चित्र सगळ्यांचं. स्कॅन मात्र ज्या संस्थेनं केलं, तिच्या अटी वाचून घ्याव्यात. त्या सगळीकडे सारख्या नसतात.

(दृश्य: चित्राचा खालचा काठ. बारीक, तिरकी अक्षरं.)

आता या काठाकडे बघा. पक्ष्याच्या पायांखाली, पार तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं. डावीकडे एक नाव, उजवीकडे दुसरं. नावापुढे लॅटिनचा तुकडा. ‘डेल.’ म्हणजे यानं चित्र काढलं. ‘स्कल्प्ट.’ म्हणजे यानं तांब्यावर कोरलं. ‘लिथ.’ म्हणजे यानं शिळेवर उतरवलं. भिंतीवरच्या आवृत्तीत ही पट्टी सगळ्यात आधी उडते. ‘स्वच्छ दिसतं’ म्हणून. मीसुद्धा सुरुवातीला उडवायचो. पुढे एकदा कुणाचं नाव उडवतोय ते वाचलं.

ऑड्युबॉनच्या चित्रांखाली उजव्या हाताला रॉबर्ट हॅवेल हे नाव असतं. कोरलं, छापलं आणि रंगवलं, तिन्ही त्याच्या कारखान्यात. पहिली दहा चित्रं एडिनबरोच्या विल्यम लिझार्सनं कोरली होती. तिथे रंग भरणाऱ्यांनी काम थांबवलं, म्हणून काम लंडनला हॅवेलकडे आलं. आजच्या प्रिंटवर जे आभाळ, जे पाणी, धुक्याची जी राखाडी छटा आपल्याला मोहवते, ती हॅवेलची कमाई आहे. पत्र्यावर राळेची भुकटी बसवून तो आम्लात बुडवायचा. कणांच्या मधल्या जागा खाल्ल्या जातात आणि त्यात शाई बसली, की सलग, मऊ छटा येते. रेघ रेघ कोरून तसं धुकं आलंच नसतं.

आणि काही नावं तर काठावरही नाहीत. जोसेफ मेसन हा तेरा वर्षांचा मुलगा १८२० साली ऑड्युबॉनबरोबर निघाला. पक्षी ज्या फांद्यांवर बसलेत, त्या फांद्या, पानं, फुलं यांपैकी कितीतरी त्याच्या हातची आहेत. छापील चित्रांवर त्याचा उल्लेख नाही. ऑड्युबॉन गुलाम बाळगणारा माणूस होता. दुसऱ्याच्या श्रमाकडे बघायची त्याची नजर तिथेही दिसते, असं मला वाटतं. हे माझं मत, हवं तर सोडून द्या.

खोडाखोड मात्र आपल्या काळातच सुरू झाली असं नव्हे. ऑड्युबॉनचा सोनेरी गरुड घ्या. पंजात पांढरा ससा, खाली बर्फाळ डोंगर. १८३३ च्या मूळ जलरंगात कोपऱ्यात दरीवर आडवा पडलेला एक ओंडका आहे आणि त्यावरून एक माणूस रांगत चाललाय, पाठीवर मारलेला पक्षी बांधून. तो चित्रकार स्वतःच, असं मानतात. हॅवेलच्या छापील चित्रात तो माणूस गायब आहे. हा गरुड ऑड्युबॉननं जिवंत विकत घेतला होता. कोळशाच्या धुरानं तो मरेना, गंधकानं मरेना, शेवटी टोकदार सळई हृदयात खुपसून मारला. हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. पाठीवर शिकार बांधलेला तो छोटा माणूस होता, तोवर चित्र खरं बोलत होतं.

(दृश्य: फारसी अक्षरांतली सही, जवळून.)

याच्या अर्धशतक आधी कोलकात्यात मेरी इम्पी या न्यायाधीशाच्या पत्नीनं आपल्या संग्रहातले पक्षी-प्राणी रंगवून घेतले. १७७७ ते १७८२. पाटण्याहून आलेले तीन चित्रकार, शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. तीनशेहून जास्त चित्रं. यांच्या कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलेलं असतं, ‘लेडी इम्पी यांच्या संग्रहात’, आणि चित्रकाराचं नाव फारसीत, सोबत ‘पाटण्याचा रहिवासी’. संग्रह १८१० मध्ये लंडनला लिलावात फुटला, चित्रं जगभर गेली. वर्षानुवर्षं ही सगळी ‘कंपनी शैली’, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांसाठी काढलेली चित्रं, या एकाच गाठोड्यात बांधली जायची. ते गाठोडं सोडवायला कोपऱ्यातली ही फारसी नावंच कामी येतात. कोपरा कापलेल्या प्रिंटवर उरतो तो फक्त एक देखणा पक्षी.

(दृश्य: पुन्हा संगणकाचा पडदा. लाल-पिवळा, लांब शेपटीचा छोटा पक्षी.)

आज छापायचंय ते चित्र हे. हिमालयातला शिंजीर. पाठ लालभडक, पोट पिवळं, गळ्यावर निळा-जांभळा पट्टा. इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ जॉन गूल्डच्या, हिमालयातल्या शंभर पक्ष्यांवरच्या पुस्तकातलं, १८३० च्या आसपासचं. चित्रं ऐंशी, पक्षी शंभर. हे शिळाछाप आहे. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूनं काढायचं, शिळा ओली करायची, शाई फिरवायची. ओल्या दगडाला शाई लागत नाही, तेलकट रेघेला लागते. तांब्यावर कोरणारा कारागीर मध्ये नसतो, चित्रकाराचा हात थेट कागदावर येतो. म्हणून पिसांवर खडूची ती रवाळ रेघ दिसते. स्कॅन धारदार करायच्या नादात हा रवा वाळूसारखा टोचायला लागतो, तेव्हा धार जेमतेमच द्यायची.

कागद पांढराशुभ्र करायचा नाही. पिवळेपणा थोडा उतरवायचा, ऊब ठेवायची. पुढच्या पानाची उमटलेली सावली पुसायची, शिवणीजवळचा काळोख उजळायचा. डोळ्यातला ठिपका बघा, काळा दिसतोय. तो पांढरा होता. शिसं असलेला पांढरा रंग हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळवंडतो. पक्षी आंधळा दिसायला लागतो. इथे मी बेधडक हात घालतो, ठिपका पांढरा करतो. रंग भरणाऱ्यानं पांढराच टेकवला होता.

आकाराचं गणित सोपं आहे. ए-टू कागद म्हणजे ४२० गुणिले ५९४ मिलिमीटर. इंचाला ३०० ठिपके हवे असतील, तर स्कॅन ४९६१ गुणिले ७०१६ पिक्सेलचं लागतं. कमी असेल तर प्रिंट लहान काढावी. कमी पडलेलं तपशील संगणकाकडून भरून घेतलं, तर तो स्वतःच्या मनानं पिसं उगवतो. गूल्डची मूळ पानं साधारण ५५ सेंटिमीटर उंच होती, तेव्हा ए-टू मूळाच्या जवळ जातं. सुती, आम्लरहित, चमक नसलेला कागद. रंगद्रव्याची शाई. फ्रेममध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच, काच कागदाला टेकता कामा नये. आणि थेट ऊन नको.

(दृश्य: प्रिंटर. शाईचं डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.)

कागद वरच्या काठानं बाहेर यायला लागतो. आधी नुसती ऊब, रिकामी. मग एक पान. मग चोचीचं वाकडं टोक, निळा माथा, लाल पाठ.

पुस्तकावर नाव जॉन गूल्डचं. मजकूर प्राणिशास्त्रज्ञ निकोलस व्हिगर्सचा. या पक्ष्याचं शास्त्रीय नावही व्हिगर्सनंच ठेवलं, १८३१ मध्ये, गूल्डच्या बायकोवरून. श्रीमती गूल्डचा शिंजीर. बाईचं नाव एलिझाबेथ. नवऱ्याच्या कच्च्या रेखाटनांवरून ती शिळेवर चित्रं उतरवायची. डार्विननं बीगल जहाजावरून आणलेल्या पक्ष्यांची पन्नास चित्रंही तिनंच शिळेवर उतरवली. १८४१ मध्ये, आठव्या बाळंतपणानंतर ती गेली. वय ३७.

शेपूट संपली. फांदी संपली. प्रिंटर अजून चालू आहे, रिकामा कागद सरकतोय. शाईचं डोकं एका कोपऱ्यात थांबतं, दोनदा मागेपुढे होतं, आणि बारीक राखाडी अक्षरं उमटतात.

‘निसर्गावरून आणि शिळेवर रेखाटलं: ई. गूल्ड.’