तीन झगे आणि एक रेडिओ

(नाटकांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, वैनगंगेकाठच्या एका गावात पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या लेखक-कलावंतांपुढे केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, राम राम. मी काही व्याख्याता नाही. माझी उमर विंगेत गेली, हातात संहिता धरून, नटांना वाक्यं सांगत. आपल्याकडं तालमी किती होतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. राजा एका गावाहून येतो, राणी दुसऱ्या गावाहून, आणि दोघांची भेट रंगायच्या पेटीपाशी होते. मग रात्रभर आमचाच आवाज त्यांच्या तोंडून निघतो. त्यामुळं नाटक कुठं उभं राहतं आणि कुठं बसतं, हे मला प्रेक्षकांच्या आधी कळतं. तेवढ्याच हक्कानं बोलतो.

गेल्या साली एका पोरानं मला नवीन नाटक वाचायला दिलं. जगावर अणुबॉम्ब पडणार असतो. एक महाराज समाधीतून उठतात, हात वर करतात आणि बॉम्ब आभाळातच थांबतो. मी म्हटलं, बापू, मग दुसरा अंक कशाला ठेवला? लोकं घोंगडी झटकून घरी जातील ना.

पोरगं हिरमुसलं. पण विषय त्यानं मोठा धरला होता. ज्याच्याकडून कोणालाच काही आशा नाही असा माणूस धर्माच्या गादीवर बसतो, आणि नेमकं तेव्हाच जग जळायला निघतं. या विषयाची एक खरी गोष्ट आहे, ती आज सांगतो. तिच्यात चमत्कार नाही. म्हणूनच तिचं नाटक होऊ शकतं.

इटलीत बेर्गामो नावाच्या शहराजवळ सोत्तो इल मोंते हे खेडं आहे. तिथं 1881 साली एका बटईदाराच्या घरी अंजेलो रोंकाल्ली हा पोरगा जन्मला. शेत दुसऱ्याचं, राबणारे हे, आणि खाणारी तोंडं डझनभर. आपल्याकडं बटईनं धानाची बांधी कसणाऱ्याला हे घर समजावून सांगायची गरज नाही. पोरगा शिकला, पाद्री झाला, पहिल्या महायुद्धात जखमी शिपायांची सेवा केली. पुढं चर्चनं त्याला आपला दूत म्हणून पाठवलं ते बल्गेरियात, मग तुर्कस्तानात. ज्याला मोठं व्हायचं आहे असा माणूस त्या काळी या जागा मागून घेत नसे. जवळजवळ वीस वर्षं तो तिकडं राहिला. लोकं दुसऱ्या धर्माची, दुसऱ्या पंथाची, आणि हा आपला गोलमटोल, हसतमुख पाद्री त्यांच्यात मिसळून. दुसऱ्या महायुद्धात इस्तंबूलला असताना त्यानं जीव वाचवून पळणाऱ्या ज्यूंना मदत केली. ही वीस वर्षं नाटकात दाखवायची नाहीत, पण पात्राच्या चालण्याबोलण्यात ती दिसली पाहिजेत. कसं ते नटानं बघावं.

1958 साली पोप वारले. नव्याच्या निवडीसाठी कार्डिनल, म्हणजे पोप निवडणारे मोठे धर्मगुरू, जमले, फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या आणि अकराव्या फेरीत, 28 ऑक्टोबरला, हा शहात्तर वर्षांचा म्हातारा निवडून आला. दोनचार वर्षं गादी सांभाळेल, तोवर खरा माणूस शोधू, असाच बहुतेकांचा हिशेब. शिंप्यानं नव्या पोपसाठी तीन मापांचे पांढरे झगे शिवून ठेवले होते: लहान, मधला, मोठा. या बाबाला एकही बसेना! शेवटी मागून उसवून, टाचण्या लावून त्यांना लोकांपुढं सज्जात उभं केलं. त्यांनी नाव घेतलं तेविसावे जॉन.

पहिला प्रवेश हा घ्या. आपल्या प्रेक्षकाला सुरुवातीला हसू लागतं, आणि इथं ते विनोदी पात्राच्या कोलांट्यांशिवाय मिळतं. शिंपी घामाघूम आणि म्हातारा त्यालाच धीर देतोय. समोर बसलेली माय तिथंच म्हणेल, हा माणूस आपला आहे.

दोन महिन्यांनी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ते रोमच्या तुरुंगात गेले. कैद्यांना म्हणाले, तुम्हाला माझ्याकडं येता येत नाही, म्हणून मीच आलो. आपल्याही घरातला एकजण चोरून शिकार केल्यापायी तुरुंगात जाऊन आला होता, हेही त्यांनी तिथंच सांगून टाकलं. धर्मगुरूच्या तोंडी असं वाक्य कोणता लेखक लिहिल? लिहिलं तर सेन्सॉरच्या आधी कंपनीचा मालकच कापेल.

असा माणूस आपल्याला परका वाटत नाही, याचं कारण आपल्याच मातीत आहे. परिटाच्या घरातले डेबूजी 1905 साली घर सोडून निघाले. डोक्यावर गाडगं, हातात खराटा. कोणी त्यांना महाराज म्हणून बोलावलं नव्हतं. मोझरीचे तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन 1955 साली जपानच्या विश्वधर्म परिषदेत गेले. यावलीचा हा गरिबाघरचा माणिक तिथवर जाईल असं कोणाला वाटलं असेल? विदर्भाच्या प्रेक्षकाला असा धर्मगुरू पटवून द्यावा लागत नाही. उलट मखरात बसून मोठमोठ्यानं बोलणारा दाखवलात, की मागच्या रांगेतून शिटी येते.

आता संकट. 1962 चा ऑक्टोबर. क्युबा हे अमेरिकेच्या नाकाखालचं बेट. तिथं रशियानं अणुबॉम्ब वाहणारी क्षेपणास्त्रं नेऊन बसवली. 14 तारखेला अमेरिकेच्या हेर विमानानं त्यांचे फोटो काढले. 22 तारखेला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ते जगाला सांगितलं, 24 पासून समुद्रात आरमाराची नाकेबंदी. रशियाची जहाजं तिकडं निघालेली. एखाद्या खलाशाचं डोकं फिरलं असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

आणि आपल्याकडं? 20 ऑक्टोबरला चीननं हल्ला केला होता. ते दिवस ऐन दिवाळीचे. क्युबा कुठं आहे हे इथं कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ज्याचा पोरगा फौजेत होता त्याला फक्त बर्फ दिसत होतं. नाटक लिहिताना हा धागा सोडू नका. रंगमंचाच्या एका कोपऱ्यात झाडीतलं एक घर ठेवा. दिवा, अंगण, पोराच्या पत्राची वाट. जगाचं संकट जगाच्या नकाशावर दाखवलं तर ते दिसत नाही, जी.

आता म्हाताऱ्याकडं या. महिनाभर आधी डॉक्टरांनी निदान केलं होतं, पोटाचा कर्करोग. ते त्यांना माहीत होतं. 11 ऑक्टोबरला त्यांनीच बोलावलेली जगभरच्या बिशपांची मोठी परिषद सुरू झाली होती. त्यांच्याजवळ ना फौज, ना जहाज. अमेरिकेच्या आणि रशियाच्या काही शहाण्या माणसांची एक बैठक त्याच दिवसांत अमेरिकेत चालू होती. तिथून रोमला विचारणा आली की पोपनी काही बोलावं का. रात्रीतून मजकूर तयार झाला. दोन्ही देशांच्या वकिलातींना आधी पोचवला, आणि 25 ऑक्टोबरला व्हॅटिकन रेडिओवरून त्यांनी तो फ्रेंचमध्ये वाचला.

मजकूर छोटाच. त्यात अमेरिकेचं नाव नाही, रशियाचं नाही, क्युबाचंही नाही. चूक कोणाची, यावर एक शब्द नाही. राज्यकर्त्यांनी लोकांचा शांततेचा आक्रोश ऐकावा आणि बोलणी चालू ठेवावी, एवढंच मागणं. दुसऱ्या दिवशी मॉस्कोच्या 'प्रावदा'नं, म्हणजे देव न मानणाऱ्या पक्षाच्या पेपरानं, ते छापलं.

का छापलं? धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण आठवा. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन धुऱ्यावर उभे आहेत. सारं गाव गोळा झालं आहे, म्हणून आता कोणालाच मागं जाता येत नाही. तेवढ्यात एक म्हातारा येतो. धुरा कोणी कोरला, हे तो विचारतच नाही. विचारलं तर एक जिंकेल, आणि दुसरा रात्री तणसाच्या ढिगाला आग लावेल. तो म्हणतो, बाबा रे, दोघांची माय घरी रडून राहिली, चला. दोघंही मायसाठी मागं फिरतात. कोणी हरलं नाही. पोपनी बलाढ्य माणसांना अशी मायची सबब दिली. बटईदाराच्या घरात, जिथं मालकापुढं मानही वाकवायची नाही आणि शेतही सोडायचं नाही, तिथं हे शिकायला मिळतं असं मला वाटतं. हे माझं मत, इतिहासाचं नाही.

पोरांनो, एक खोटं मात्र लिहू नका. पोपनी युद्ध थांबवलं असं दाखवाल तर ते आपल्या महाराजांच्या बॉम्बसारखंच होईल. युद्ध टळलं ते केनेडी आणि रशियाचे नेते ख्रुश्चेव यांच्या सौद्यानं. 27 तारखेला क्युबावर अमेरिकेचं विमान पाडलं गेलं, तेव्हा तर सारं संपल्यासारखंच होतं. 28 ला ख्रुश्चेवनी क्षेपणास्त्रं परत न्यायचं कबूल केलं. अमेरिकेनं क्युबावर चढाई न करायचा शब्द दिला, आणि तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढायचं गुपचूप मान्य केलं. तुर्कस्तान! म्हाताऱ्यानं जिथं दहा वर्षं काढली तोच देश. आणि 28 ऑक्टोबर हा त्याच्या निवडीचा दिवस, बरोबर चार वर्षांनी. असा योगायोग मी लिहिला असता तर तुम्ही हसला असता.

मग त्या रेडिओचं काम काय? सौद्याच्या मेजाकडं जायला एक दार उघडं ठेवणं. बस. नायकाचं काम एवढंच ठेवायला लेखकाची छाती लागते.

पुढचं लवकर सांगतो. रोम आणि मॉस्कोची ओळख झाली तशी त्यातून एक माणूस सुटला. युक्रेनचे आर्चबिशप स्लिपी अठरा वर्षं रशियाच्या कैदेत होते. 1963 च्या सुरुवातीला ते रोमला पोचले. यांच्यावर वेगळं नाटक होईल, इथं कोंबू नका. एप्रिलमध्ये पोपनी शांततेवरचं पत्र काढलं, नुसत्या आपल्या धर्माच्या लोकांना नाही, सगळ्या भल्या माणसांना उद्देशून. 3 जूनला ते गेले.

मघापासून ऑर्गनवाले भाऊ हात वर करून बसले आहेत. त्यांचा प्रश्न मला ठाऊक आहे: यात गाणं कुठं?

आहे ना. परिषद सुरू झाली त्या 11 ऑक्टोबरच्या रात्री चौकात हजारो लोकं मशाली घेऊन जमली. म्हातारा थकलेला, खिडकीत यायचा नव्हता, तरी आला. वर चंद्र होता. तो म्हणाला, चंद्रसुद्धा बघायला आला आहे. घरी जा, लेकरं भेटतील, त्यांना कुरवाळा आणि सांगा, हे पोपकडून. संकट अजून कोणाला माहीतच नाही, पण प्रेक्षकाला माहीत आहे. अंगाई तिथं येते. एक कडवं त्या खिडकीत, दुसरं झाडीतल्या त्या अंगणात, फौजीच्या बायकोच्या तोंडी. एकच चाल. पट्टी काळी चार घ्यायची की काळी पाच, ते बाईचा गळा ऐकून ठरवू.