फादरनी खोडलेला परिच्छेद

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात ख्रिस्ती माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ऑफिसात डबा खाताना विचारतात, सोसायटीची मीटिंग संपल्यावर जिन्यात विचारतात. घरातली अकरावी सायन्सची मुलगी तर रविवारी चर्चमधल्या मिस्सा उपासनेहून परततानाच विचारते: विश्व महास्फोटातून झालं असं पुस्तकात आहे, मग देवाने निर्माण केलं असं आपण का म्हणायचं?

आपल्यातले बरेच जण यावर झटपट उत्तर देतात. महास्फोट झाला म्हणजे विश्वाला सुरुवात आहे, सुरुवात आहे म्हणजे ती करणारा आहे, झाला देव सिद्ध. ऐकायला छान वाटतं. पण हे उत्तर घाईचं आहे, आणि त्यावर विश्वास उभा करू नये, हे बजावणारा माणूस कोण होता ठाऊक आहे? ज्याने ही महास्फोटाची कल्पना पहिल्यांदा मांडली तोच. आणि तो कॅथलिक धर्मगुरू होता. पुन्हा सांगतो: महास्फोटाची कल्पना मांडणारा धर्मगुरू होता, आणि तिचा देवाचा पुरावा म्हणून वापर करायला त्याचाच विरोध होता.

त्याचं नाव जॉर्ज लमेत्र. जन्म १८९४, बेल्जियममधलं शार्लरॉय गाव. जेझुइटांच्या शाळेत शिकला, इंजिनिअरिंगला गेला, तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो तोफखान्यात दाखल झाला. युद्धानंतर गणितात डॉक्टरेट केली, सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, गेला आणि १९२३ साली त्याची गुरुदीक्षा झाली. लगेच पुढचं वर्ष केंब्रिजला, खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्या हाताखाली. तिथून अमेरिकेत. आता यापुढे मी त्यांना फादर लमेत्रच म्हणणार, कारण धर्मगुरूची पांढरी कॉलर ते शास्त्रज्ञांच्या परिषदांतही घालत.

१९२७ साली फादरनी एक निबंध छापला, फ्रेंचमध्ये, ब्रसेल्सच्या एका फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात. आइन्स्टाइन यांची समीकरणं सोडवून त्यांनी दाखवलं की विश्व प्रसरण पावत असलं पाहिजे. नुसती समीकरणं मांडून थांबले नाहीत. दीर्घिकांचे, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचे, वेग आणि अंतरं घेऊन प्रसरणाचा दर काढला: दर मेगापार्सेकला सेकंदाला ६२५ किलोमीटर. मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षं. खगोलशास्त्रज्ञ हबल यांचा याच विषयावरचा प्रसिद्ध निबंध यानंतर दोन वर्षांनी, १९२९ साली आला. त्याच १९२७ च्या ऑक्टोबरात ब्रसेल्सला भौतिकशास्त्रज्ञांच्या सॉल्व्हे परिषदेत आइन्स्टाइन भेटले. ते फादरना म्हणाले, तुमचं गणित बरोबर आहे, पण तुमचं भौतिकशास्त्र भयंकर आहे.

फादर डगमगले नाहीत. ९ मे १९३१ रोजी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात त्यांचं एक टिपण आलं, साडेचारशेच्या आसपास शब्दांचं. प्रसरण उलटं फिरवत मागे गेलो तर सगळं द्रव्य एका आद्य कणात येतं, काळ आणि अवकाश यांना तिथून पुढेच अर्थ येतो, असा त्याचा आशय.

आता नीट ऐका, कारण माझा सगळा मुद्दा इथे आहे. त्या टिपणाची टाइप केलेली प्रत बेल्जियममधल्या लुव्हेनच्या विद्यापीठात जपून ठेवलेली आहे. छापलेल्या मजकुरात नसलेला एक परिच्छेद तिच्यात शेवटी आहे. त्यात फादरनी लिहिलं होतं की जो परमेश्वराला मानतो तो हेही मानतो की परमेश्वर मूलतः दृष्टीआड आहे. आजचं भौतिकशास्त्र सृष्टीच्या निर्मितीवर पडदा टाकतं, हे पाहून त्याला आनंदच वाटेल. एवढं टाइप करून झालं, आणि मग त्यांनी तो अख्खा परिच्छेद हाताने खोडला. 'नेचर'ला टिपण गेलं ते त्या परिच्छेदाविनाच.

श्रद्धा डळमळली म्हणून खोडला का? मुळीच नाही. रोज मिस्सा अर्पण करणारा माणूस तो. वैज्ञानिक निबंधातली प्रत्येक ओळ निरीक्षणाने तपासता आली पाहिजे, आणि ही ओळ तशी तपासता येत नव्हती, म्हणूनच खोडला असावा. देवाबद्दल बोलायची जागा वेगळी, तिथे ते मनमोकळं बोलत. सत्याकडे जाणारे दोन रस्ते आहेत आणि दोन्हीवर चालायचं ठरवलं आहे, असं त्यांनी वृत्तपत्राला सांगितलं होतं.

पुढे १९४९ च्या मार्चमध्ये इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल बीबीसीवर बोलत होते. हो, रेडिओवरच. त्यांना ही कल्पना पटत नव्हती, तिला धर्माचा वास येतो असं त्यांना वाटे. त्या भाषणात त्यांनी तिला 'बिग बँग' म्हटलं, आणि विरोधकाने दिलेलं नावच कायमचं चिकटलं. हॉइल यांची बाजूही भक्कम होती, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. तेव्हाच्या प्रसरणदरावरून विश्वाचं वय २०० कोटी वर्षांच्या आसपास निघत होतं, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने भरत होते. आईपेक्षा लेक मोठी!

आणि याच वेळी, २२ नोव्हेंबर १९५१ रोजी, पोप बारावे पायस यांनी त्यांच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं. आधुनिक विज्ञान जणू 'प्रकाश होवो' या आद्य शब्दाचीच साक्ष देत आहे, असा त्याचा सूर होता. जगभर मथळे झाले. फादर लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. ते स्वतः त्या अकादमीचे सदस्य होते. पुढच्या सप्टेंबरात रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे पोप पुन्हा बोलले, पण या वेळी तसा दावा केला नाही. फादरनी मधल्या काळात व्हॅटिकनच्या वेधशाळेमार्फत आपलं म्हणणं पोचवलं होतं, असं इतिहासकार सांगतात.

आणि बघा, त्याच रोमच्या परिषदेत खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे उभे राहिले आणि म्हणाले, आपण मोजलेली दीर्घिकांची अंतरं चुकली आहेत, ती दुप्पट करा. अंतर मोजायला सेफीड नावाचे, तेज कमीजास्त होणारे तारे वापरतात. ते दोन प्रकारचे असतात हे आधी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. अंतर दुप्पट, म्हणून वयही दुप्पट. पोपच्या भाषणाला वर्षही झालं नव्हतं आणि पायाखालचा आकडा हलला! आज प्रसरणदर फादरनी वापरलेल्या त्याच मापात ७० च्या आसपास धरतात आणि वय १,३८० कोटी वर्षं. विज्ञानाचे आकडे हलतात, हलायलाच हवेत, तीच त्याची तब्येत. पण जो आकडा हलणार, त्याला देवाचा खांब करू नका.

शेवट तेवढा सांगतो. अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन या संशोधकांच्या अँटेनात १९६४ साली एक खरखर येऊ लागली. कबुतरांची घाण काढली, तरी ती जाईना. ती होती आद्य विश्वाची उरलेली ऊब, निरपेक्ष शून्याच्या वर तीन अंशांहून थोडी कमी. जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, त्यातही तिचा लहानसा वाटा असायचा. फादर तेव्हा आजारी होते. त्यांच्या सहकाऱ्याने ही बातमी त्यांना सांगितली, आणि २० जून १९६६ रोजी ते वारले. २०१८ साली खगोलशास्त्रज्ञांच्या संघाने मतदान घेऊन प्रसरणाच्या नियमाला हबल–लमेत्र नियम म्हणावं अशी शिफारस केली.

जाता जाता एक बोलतो. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी शनिवारी व्याख्यानं होतात, विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणी पाहायला गर्दी लोटते. संडे स्कूलच्या शिक्षकांनी मुलांना तिथे न्यावं. तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्या ताटल्यांखाली उभं राहिलेलं मूल विज्ञानाला घाबरत नाही, आणि चर्चमध्ये बसलेलं पाहिलं म्हणून त्याला कोणी अडाणी ठरवू शकत नाही. आम्ही मुलांना नुसती वचनं पाठ करून घेतो, हे पुरेसं नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता पुण्याची गोष्ट निघालीच आहे, तर जयंत नारळीकर. हॉइल यांचे शिष्य, आयुकाचे संस्थापक संचालक, २०२५ च्या मे महिन्यात पुण्यातच वारले. महास्फोट त्यांना अखेरपर्यंत पटला नाही. विश्व अनादि आहे, अशी मांडणी त्यांनी वर्षानुवर्षं केली. आज बहुतेक खगोलशास्त्रज्ञ त्यांच्या बाजूचे नाहीत. पण समजा, उद्या नारळीकर सर बरोबर ठरले. विश्वाला सुरुवातच नाही. मग ख्रिस्ती माणसाने चर्चला कुलूप लावायचं का?

नाही. आणि हे उत्तर तयार करायला आपल्याला आज धावपळ करावी लागत नाही, ते तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास देऊन गेले आहेत. ते म्हणाले, जगाला सुरुवात आहे हे आम्ही शास्त्रवचनावरून मानतो, तर्काने ते सिद्ध होत नाही. तर्काने विचारायचा प्रश्न निराळा. सुरुवात कधी झाली, हा एक प्रश्न. मुळात काही आहेच का, नसतं तरी चाललं असतं, हा दुसरा प्रश्न. पुन्हा सांगतो: कधी सुरू झालं, हा एक. आहेच का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुर्बीण शोधेल. दुसऱ्याला दुर्बीण पुरत नाही, कारण दुर्बीणही त्या 'आहे' मध्येच मोडते. विश्वात जे जे आहे ते स्वतःच्या बळावर नाही. अशा वस्तूंची ओळ कितीही मागे नेली, अगदी अनंत मागे नेली, तरी सगळी ओळच उसन्या अस्तित्वावर उभी राहते. उसनं नसलेलं असं काहीतरी मूळ लागतं. मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. परमाणू अनादि मानूनही ईश्वर मानणारे न्यायदर्शनाचे पंडित आपल्याकडे होऊन गेलेच आहेत.

मोबाइलवर येणारे दोन निरोप मात्र कृपा करून पुढे पाठवू नका. बायबलमधल्या यहोशवाच्या काळात सूर्य थांबला तो 'हरवलेला दिवस' नासाच्या संगणकाला सापडला, हा पहिला. तो खोटा आहे. ग्रहांची गती उलटी मोजून हरवलेला दिवस सापडूच शकत नाही, कारण ताडून पाहायला त्याआधीची स्वतंत्र नोंद लागते, आणि ती नाही. दुसरा, डार्विनने मरताना आपला सिद्धांत मागे घेतला. हेही खोटं. त्याच्या मुलीने, हेन्रिएटाने, १९२२ साली छापील खुलासा केला की शेवटी आपण तिथे होतो आणि असं काही घडलं नाही. खोट्या पुराव्याने केलेला बचाव ऐकणाऱ्याला एकदाच पटतो. नंतर त्याला खरं कळतं, आणि मग आपलं खरं बोलणंही तो ऐकत नाही.

"हा परक्यांचा धर्म" हा आक्षेप वेळेअभावी थोडक्यात घेतो. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ साली छापलं गेलं, मराठी ओवीत, दहा हजारांवर ओव्या. तेव्हा समर्थ रामदास आठ वर्षांचे होते. आणि चार शतकांनंतर आमच्या कितीतरी चर्चमध्ये इंग्रजी चालीत शब्द कोंबलेली गीतं चालतात, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे अभंग कपाटात. हे बदललं पाहिजे. पेटी, टाळ, मृदंग काढा.

आता खरा तपासायचा मुद्दा. ख्रिस्ती विश्वास उभा आहे तो एका घटनेवर: येशू मेला आणि पुन्हा उठला. येशूचा प्रेषित पौल यानेच लिहून ठेवलं आहे की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे. म्हणजे कुठे घाव घालायचा ती जागा त्यानेच दाखवली. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय पंधरा. हे पत्र इसवी सन ५४-५५ च्या सुमाराचं, आणि क्रूसावरचं मरण सन ३० किंवा ३३ चं. मधे वीस-पंचवीस वर्षं. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा. त्याबद्दल १९८५ साली कोणी भलतंच लिहिलं असतं, तर शनिवार-नारायण पेठेतल्या शेकडो माणसांनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं असतं. पौल तर वाचणाऱ्याला साक्षीदारांकडेच पाठवतो: पाचशेहून अधिक जणांनी पाहिलं, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत.

शिवाय चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर पहिल्यांदा पाहिली ती बायकांनी. त्या काळच्या यहुदी समाजात बायकांची साक्ष धरत नसत, हे योसेफस या यहुदी इतिहासकाराने नोंदवलं आहे. कथा रचायचीच असती, तर रचणाऱ्याने पहिले साक्षीदार म्हणून पुरुष उभे केले असते.

शंका घेणाऱ्या मित्राबरोबर बसायचं असेल तर पौलाच्या त्याच पंधराव्या अध्यायात तिसऱ्या वचनापासून सुरुवात करा, आठव्यापर्यंत थांबा. पेन्सिल घ्या आणि उठलेला येशू कोणाकोणाला दिसला ती नावं खाली लिहा: केफा म्हणजे पेत्र, बारा जण, पाचशे, याकोब, सगळे प्रेषित, शेवटी पौल. याकोब हा येशूचा भाऊ, आणि योहानाचं शुभवर्तमान सांगतं की भावांचा आधी येशूवर विश्वास नव्हता. पौल तर छळ करणाऱ्यांपैकी. या दोघांनी बाजू का बदलली, हे मित्राला विचारा आणि त्याचं उत्तर मधे न तोडता ऐका.

नमस्कार.