टाचणवही आणि चित्रवही

मित्रहो, कलाशिक्षणाच्या प्रशिक्षणाला येणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी मनात एक धास्ती बाळगून असतो. टाचणे (म्हणजे पाठ घेण्याआधी लिहून काढायची तयारी), सराव पाठ, बालमानसशास्त्र आणि मूल्यमापन यांच्या रगाड्यात आपले चित्र मागे पडेल आणि प्रशिक्षण संपेपर्यंत आपण शिक्षक झालेले असू, पण चित्रकार उरलेलो नसू, अशी ती धास्ती असते. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. दिवसभर शिकवून आलेल्या माणसाला संध्याकाळी ब्रश हाती घ्यावासा वाटतोच असे नाही. तरीही शिकवण्यासाठी जी तयारी करावी लागते तीच आपल्या चित्राला पुढे नेऊ शकते, असे माझे मत आहे आणि आज मला तेच मांडायचे आहे. अट एवढीच की टाचणवही आणि चित्रवही या दोन वह्यांची ताटातूट होऊ देता कामा नये.

जलरंगाचा सपाट वॉश, म्हणजे कागदावर सर्वत्र एकाच छटेचा पातळ रंगाचा थर, घ्या. सरावलेला हात तो विचार न करता देतो. तोच वॉश बारा वर्षांच्या मुलांच्या वर्गाला शिकवायचा म्हटले की आपला हात नेमके काय करतो, हे पहिल्यांदाच तपासावे लागते. चित्राचा बोर्ड किंचित कलता ठेवायचा. रंग आधीच भरपूर कालवून घ्यायचा, कारण मध्येच संपला तर पुन्हा कालवलेल्या रंगाची छटा तंतोतंत जुळत नाही. भरलेला ब्रश वरच्या कडेने आडवा ओढला की त्या पट्ट्याच्या खालच्या काठाशी ओला रंग साचतो. तो ओला असतानाच पुढचा पट्टा त्याला टेकवून ओढायचा आणि असे करत तळापर्यंत यायचे. तळाशी उरलेला रंग कोरड्या केलेल्या ब्रशने टिपून घ्यायचा, नाहीतर तो वाळत आलेल्या भागात पुन्हा शिरतो आणि दातेरी कडांचा डाग पडतो. हे सारे क्रमाने, मुलांना कळेल अशा शब्दांत टाचणात उतरवताना प्रशिक्षणार्थ्याला स्वतःच्या कौशल्याची घडण कळू लागते. कुठली पायरी कशासाठी आहे हे एकदा उमगले की ती मुद्दाम मोडताही येते. वर्गात टाळायला शिकवलेला तोच दातेरी डाग मग स्वतःच्या निसर्गचित्रात ढगासाठी किंवा ओल्या दगडासाठी जाणीवपूर्वक पाडता येतो. सवयीने घडत होते ते आता निवडीने घडते, आणि चित्रकार म्हणून झालेली ही वाढ मला फार मोलाची वाटते.

या वाढीला एक किंमत मात्र आहे. ज्या क्रिया नकळत होत होत्या त्यांच्याकडे लक्ष गेल्यावर काही काळ हात अडखळतो, रेषा पूर्वीपेक्षा जड होते आणि आपले चित्र बिघडत चालले आहे असे वाटू लागते. अनेक जण याच टप्प्यावर घाबरून चित्र बाजूला ठेवतात. तेव्हा काम थांबवू नये, फक्त त्याचा आकार लहान करावा. शांतिनिकेतनात शिकवणारे चित्रकार नंदलाल बोस आपल्या विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना लहान कार्डांवर रेखाटने करून पाठवत असत. थकलेल्या दिवशीही तळहाताएवढ्या कागदावर एक झाड, एक पाठमोरी आकृती उतरू शकते, आणि त्या काळात तेवढे पुरेसे असते.

आता वर्गातल्या एका शिस्तीविषयी सांगतो, जिच्याबद्दल माझे मत ठाम आहे. विद्यार्थ्याच्या कागदावर शिक्षकाने हात चालवू नये. सराव पाठात वेळ कमी असतो, निरीक्षक मागच्या बाकावर बसलेले असतात आणि मुलाने काढलेला हात शरीराच्या मानाने भलताच लांब झालेला दिसतो. अशा वेळी पेन्सिल घेऊन तो दुरुस्त करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण तो हात लांब का झाला, हा प्रश्न त्या दुरुस्तीने कायमचा पुसला जातो. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी व्हिएन्नामध्ये अंध आणि अंधुक दृष्टीच्या मुलांबरोबर मातीकाम केले, तेव्हा त्यांना असे आढळले की काही मुलांना थोडेफार दिसत असूनही ती घडवताना डोळ्यांपेक्षा स्पर्शावर आणि शरीराच्या आतल्या जाणिवेवर विसंबतात. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रविकासाचे टप्पे सविस्तर मांडले. साधारण सात ते नऊ वर्षांचे मूल कागदाच्या तळाशी एक आधाररेषा ओढून सगळे काही तिच्यावर उभे करते, घराच्या भिंतीतून आतली माणसे दाखवते आणि जे महत्त्वाचे वाटते ते मोठे काढते. फळ तोडणाऱ्या मुलाचा हात लांब होतो, कारण त्या क्षणी त्याचे सारे लक्ष हातात एकवटलेले असते. या वयोमर्यादा काटेकोर मानू नयेत, कारण मुले टप्प्यांच्या हिशेबाने वाढत नाहीत. पण हे टप्पे माहीत असले की चूक आणि अभिव्यक्ती यांत फरक करण्याची नजर येते.

दाखवायचेच असेल तर वेगळ्या कागदावर दाखवावे, आणि त्याआधी विचारावे: हा मुलगा कशापर्यंत पोहोचतो आहे? त्याचे वजन कुठल्या पायावर आहे? त्याच्या मागे काय आहे? हात आवरून प्रश्न विचारण्याची सवय लागली की स्वतःच्या चित्रापुढेही आपण तसेच उभे राहू लागतो. जमत नसलेल्या जागेवर घाईने रंग चढवण्याऐवजी तिथे नेमके काय अपेक्षित होते, हे पाहण्यासाठी आपण थांबतो.

शिकवणे आणि निर्मिती एकमेकांत किती खोलवर मिसळू शकतात, हे पाहायचे तर चित्रकार आणि शिक्षक जोसेफ आल्बर्स यांच्याकडे पाहावे. बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशिक्षण संस्थेत शिकवणारे आल्बर्स ती संस्था १९३३ मध्ये बंद पडल्यावर अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात गेले आणि १९५० पासून येल विद्यापीठात शिकवू लागले. रंगाच्या वर्गात ते रंग कालवायला लावण्याऐवजी रंगीत कागद वापरायला सांगत. कागदाची छटा बदलत नाही, त्यामुळे तोच रंग हवा तितक्या वेळा शेजारी मांडून तपासता येतो. एकच रंग दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर असा ठेवा की तो दोन रंगांसारखा दिसेल, हा त्यांचा एक स्वाध्याय होता. करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे घेऊन एक काळ्यावर आणि एक पांढऱ्यावर ठेवला, तर काळ्यावरचा उजळ दिसतो. दोन्ही एकाच कागदाचे आहेत हे ठाऊक असूनही डोळा ते मान्य करत नाही. आल्बर्स यांनी चौरसात चौरस बसवलेल्या चित्रांची मालिका १९५० मध्येच सुरू केली आणि १९७६ मध्ये निधन होईपर्यंत, पाव शतकाहून अधिक काळ, ते ती रंगवत राहिले. रचना ठरावीक ठेवायची आणि शेजार बदलल्यावर रंग कसा वागतो ते पाहायचे, हा त्या मालिकेचा गाभा आहे. वर्गातला आणि चित्रातला प्रश्न एकच असल्यामुळे यातले एक काम दुसऱ्याचा वेळ खाते असा हिशेब तिथे करताच येत नाही, असे मला वाटते.

प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात मात्र प्रत्यक्ष चित्रकाम एका रकान्यात आणि अध्यापनपद्धती दुसऱ्या रकान्यात असते, परीक्षकही वेगळे असतात. ही फारकत प्रशिक्षणार्थ्याने आपल्यापुरती तरी स्वीकारू नये. म्हणून पुढच्या सराव पाठांच्या फेरीत एवढे करून पाहा. जो स्वाध्याय मुलांना द्यायचा आहे तो आधी स्वतः करा, मुलांना मिळणार आहे त्याच कागदावर, त्यांच्याच ब्रशने आणि एका तासिकेएवढ्याच वेळात. जिथे अडलात ती जागा टाचणात नोंदवा, पाठ झाल्यावर मुले कुठे अडली तेही तिथेच लिहा आणि ते तुमचे चित्र टाचणाच्या समोरच्या पानावर चिकटवा. फेरी संपल्यावर यातला जो स्वाध्याय तुम्हाला अजून सुटलेला वाटत नसेल, तोच मोठ्या कागदावर घ्या.