शिल्लक दिसते, मग पगार का थकतात?

नमस्कार. धर्मादाय रुग्णालय नफ्यासाठी चालत नाही, हे खरं. पण म्हणून पैसे उरूच नयेत असं नाही. उरले नाहीत तर जुनं झालेलं सीटी स्कॅन मशीन बदलायचं कशातून? फक्त, उरलेला पैसा विश्वस्तांनी वाटून घ्यायचा नसतो. तो रुग्णालयाच्याच कामी लागतो.

आता ताळेबंद उघडू. बहुतेक जण थेट शिल्लक बघतात. मी आधी येणी, म्हणजे इतरांकडून अजून यायचे पैसे, बघते.

कुठल्याही मोठ्या रुग्णालयात संध्याकाळी बिलिंग काउंटरपाशी उभे राहा. पेशंटच्या हातातली सलाईनची सुई निघालीय, पिशव्या भरून तयार आहेत आणि नातेवाईक टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने बिलं तपासणाऱ्या संस्थेच्या) मंजुरीची वाट बघतायत. मंजुरी आली, पेशंट घरी गेला, बिल उत्पन्नात चढलं. पैसे मात्र नंतर कधीतरी, बरेचदा कापून. तोवर ऑक्सिजनवाला थांबत नाही आणि नर्सच्या घराचा हप्ताही थांबत नाही. कागदावर शिल्लक, तिजोरीत खडखडाट, तो असा.

सरकारी अनुदानाचंही तेच. परळचं वाडिया रुग्णालय आठवा. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकार आणि महापालिकेकडचं अनुदान थकल्यामुळे लहान मुलांच्या उपचारांवरच गदा आली. पालक आणि कर्मचारी रस्त्यावर उतरले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा कुठे पैसे हलले. आजारी लेकरांच्या आईबापांना त्यासाठी रस्त्यावर यावं लागलं, याचा मला आजही संताप येतो.

आणखी एक खातं बघाच: निर्धन रुग्ण निधी. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी इतर रुग्णांच्या बिलांतले २ टक्के या निधीत जमा होतात. हा पैसा पगाराला वापरायचा नाही. पण दारात गरीब पेशंट असताना निधी वर्षानुवर्षं पडून असेल, तर बाकी आकडे कितीही चांगले असोत, अशा रुग्णालयाची तब्येत ठीक आहे असं मी म्हणणार नाही.

घरात कुणाला दाखल करायची वेळ आली, तर उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन आधी वैद्यकीय समाजसेवकाला गाठा. निर्धन कोट्यातल्या किती खाटा आज रिकाम्या आहेत, ते विचारा. दाद लागली नाही, तर वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.