साडीत राहिलेलं अँटिमनी

(दृश्य: जळगाव, फुले मार्केट. दुकानात साड्यांच्या थप्प्या.)

चोपडा, धरणगाव, अमळनेर... सगळा कापसाचा मुलूख. आणि रोजच्या नेसायच्या साड्यांची ही थप्पी मात्र पॉलिस्टरची, सुरतेहून आलेली.

हा धागा पहिल्यांदा काढला विनफील्ड आणि डिक्सन यांनी, १९४१ साली, इंग्लंडमध्ये. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल तापवलं की पाणी निघून जातं आणि छोटे रेणू तयार होतात. ते जोडून लांब साखळी करायची, तिथे घोडं अडतं. तापमान २८० अंशांच्या आसपास, भांडं जवळजवळ निर्वात, तरी साखळी रेंगाळतेच. म्हणून उत्प्रेरक घालतात: अँटिमनी ट्रायऑक्साइड, म्हणजे अँटिमनी या धातुसदृश मूलद्रव्याचं ऑक्साइड. किलोभर पॉलिस्टरमध्ये साधारण पाव ग्रॅम अँटिमनी.

उत्प्रेरक वेग वाढवतो आणि स्वतः खर्च होत नाही, हे शाळेत घोकलेलं. मग तो जातो कुठे? कुठेच नाही. धाग्यातच अडकून बसतो. चारशे ग्रॅमच्या साडीत ग्रॅमचा दहावा भाग. रंगाईत १३० अंशांच्या पाण्यात त्यातलं थोडं सुटतं आणि सांडपाण्यात उतरतं. टायटॅनियमचे उत्प्रेरक जास्त चलाख, कमी पुरतात. पण धाग्यावर पिवळसर झाक आणतात. पांढऱ्या मालाला ती कोण चालवून घेणार?

(दृश्य: काउंटरवर दोन साड्या. दुकानदाराची बोटं कापडावर.)

दोन्ही पॉलिस्टरच. एक चुरगाळली की सळसळते. दुसरी हातातून घसरते, रेशमासारखी. या दुसरीचं कापड गरम कॉस्टिक सोड्यातून काढलंय. सोडा धाग्याचा वरचा थर खातो, धागा बारीक होतो. गिरणीत याला म्हणतात ‘वेट रिडक्शन’. सोबत चतुर्थक अमोनियम क्षार असला, तर तो सोड्यातला हायड्रॉक्साइड धाग्यापर्यंत पोचवतो आणि काम लवकर उरकतं. कापडाचं वजन घटतं, भाव वाढतो. गिऱ्हाईकही खूश!

(दृश्य: जुन्या कपड्यांचं गाठोडं.)

ही साखळी उलटी सोडवताही येते. ग्लायकॉल, थोडं झिंक ॲसिटेट, दोनशे अंशांच्या आतबाहेर तापमान, की पुन्हा छोटे रेणू. पण या गाठोड्यात जरीचे काठ आहेत, सुती अस्तर आहे, टेरिकॉटचे, म्हणजे पॉलिस्टर-सुती मिश्रणाचे शर्ट आहेत. त्यामुळे आधी कोणीतरी बसून हे निवडायचं. त्यानंतर रंग काढायचा, आणि रंगासोबत ते जुनं अँटिमनीही.