कापणं सोपं, सरकवणं अवघड : डव्हटेल आणि फिंगर जॉइंटची घरगुती यंत्रं

मित्रहो, दोन फळ्या काटकोनात जोडायच्या, एवढंच आपलं काम आहे. खोकं करा, पेटी करा, ड्रॉवर करा, कोपरा आला की प्रश्न तोच. एका फळीचं टोक दुसरीला नुसतं चिकटवलं तर ते फार दिवस टिकत नाही. टोकाकडून लाकडाचे तंतू उघडे असतात, लावलेला सरस ते पिऊन टाकतात आणि पकड नीट येत नाही. म्हणून दोन्ही टोकांना दात पाडायचे आणि ते एकमेकांत गुंतवायचे. दात सरळ असले की फिंगर जॉइंट, तिरके असले की डव्हटेल. प्राचीन इजिप्तमधल्या थडग्यांत सापडलेल्या लाकडी सामानातही डव्हटेल आहेत, इतकी ही युक्ती जुनी.

हे सांधे अवघड समजले जातात. पण त्यांत अवघड नेमकं काय आहे? लाकूड कापणं नाही. धार असलेलं कुठलंही पातं लाकूड कापतं. एक खाच पाडून झाली की पुढच्या खाचेसाठी फळी हवी तेवढीच सरकवणं, केसभर कमी नाही की जास्त नाही, खरी कसोटी तिथे लागते. आज ज्या घरगुती यंत्रांबद्दल मी बोलणार आहे ती सगळी सरकवण्याची यंत्रं आहेत. कापायचं काम आपल्याकडची टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) किंवा राउटर (फिरत्या टोकाने खाच पाडणारं यंत्र) करतेच. हे एकदा लक्षात आलं की यंत्र कुठे भक्कम हवं आणि कुठे साधं प्लायवूड चालेल, ते आपोआप ठरतं.

आधी फिंगर जॉइंटचा हिशेब करू. फळी ९६ मि.मी. रुंद आणि १२ मि.मी. जाड आहे. दात ६ मि.मी.चे पाडले तर कोपऱ्यावर एकाआड एक मिळून १६ दात येतात आणि त्यांच्यामध्ये सरस धरणाऱ्या १५ बाजू मिळतात. प्रत्येक बाजू १२ बाय १२, म्हणजे १४४ चौरस मि.मी. एकूण २१६० झाले. नुसतं टोक चिकटवलं असतं तर ११५२ चौरस मि.मी. मिळाले असते, आणि तेही उघड्या तंतूंचे. आता दात ३ मि.मी.चे करा. बाजू ३१ होतात आणि क्षेत्रफळ ४४६४ वर जातं. दात बारीक करत जा, सांधा मजबूत होत जातो. पण प्रत्येक बाजूवर घर्षणही आहे. प्रत्येक खाच जराशी घट्ट राहिली तर ३१ बाजूंचा घट्टपणा एकत्र येतो आणि सांधा अर्ध्यावरच अडकतो.

सगळ्यात साधं साधन तुमच्यापैकी अनेकांनी केलं असेल. टेबल सॉच्या स्लेडवर, म्हणजे टेबलावरून पात्याकडे ढकलायच्या सरकत्या तळावर, एक उभी फळी लावायची आणि तिच्यात खाचेच्या रुंदीची एक लाकडी खुंटी बसवायची. पहिली खाच पाडा, ती खुंटीवर बसवा, दुसरी पाडा, ती खुंटीवर बसवा, असं शेवटपर्यंत. चार-सहा खोकी करायची असतील तर याहून जास्त कशाची गरज नाही. मात्र यात प्रत्येक खाचेचं माप आधीच्या खाचेवरून घेतलं जातं. मध्येच खुंटीपाशी भुशाचा एक कण अडकला तर तिथून पुढच्या सगळ्या खाचा तेवढ्याने सरकतात. जोडीच्या फळीवर तो कण त्याच जागी अडकणार नाही, त्यामुळे दोन्ही फळ्यांचे दात जुळत नाहीत. शिवाय दाताची रुंदी बदलली की नवी खुंटी आणि नवी जुळवाजुळव आलीच.

यावरचा उपाय म्हणजे आटे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी एम १० ची, म्हणजे १० मि.मी. व्यासाची, आट्यांची सळई घ्या. फळ्या ज्या सरकत्या पाटावर बांधायच्या, तो या सळईवरच्या नटला जोडायचा. नेहमीच्या एम १० ला एका फेऱ्यात नट १.५ मि.मी. सरकतो. अर्ध्या फेऱ्यात ०.७५, पाव फेऱ्यात ०.३७५. एवढी बारीक हालचाल हाताने धक्का देऊन कोण करू शकेल? आणि मोठा फायदा असा की इथे प्रत्येक खाच पहिल्या जागेपासून मोजली जाते. पाचव्या खाचेत काही बिघडलं तरी सहावीला त्याची झळ लागत नाही.

कॅनडातले मॅथियास वँडेल हे पेशाने इंजिनियर. त्यांनी सळईवर चालणारा असा जिग, म्हणजे फळी मापात धरून सरकवणारं साधन, लाकडातच बनवला, त्याला लाकडाचीच दातेरी चाकं लावली आणि त्याचे आराखडे सगळ्यांना उपलब्ध करून दिले. त्या चाकांचं काम ताकद वाढवणं हे नाही. ती मोजणी सोपी करतात. आपल्या एम १० वर हे करून बघू. हँडलवर २४ दात्यांचं चाक आणि सळईवर ३६ दात्यांचं. हँडलचा एक फेरा म्हणजे सळईचा दोन तृतीयांश फेरा, आणि १.५ चे दोन तृतीयांश बरोबर १ मि.मी. आता ९ मि.मी. सरकायचं तर नऊ फेरे. मनात अपूर्णांक धरून बसायला नको. मला या कल्पनेचं फार कौतुक वाटतं, कारण काम करताना चूक होते ती बहुतेक वेळा मोजण्यात होते आणि या चाकांनी ते मोजणंच सोपं करून टाकलं.

आता प्रत्यक्ष काम बघू. ९ मि.मी.चे दात पाडायचे आहेत. पात्यावर ३ मि.मी. लिहिलं आहे, पण त्यावर विसंबू नका. एका टाकाऊ तुकड्यात एक काप घ्या आणि व्हर्नियरने त्या कापाची रुंदी मोजा. पातं फिरताना किंचित हलतं, त्यामुळे काप ३.१ चा निघाला असं समजू. आपल्याला खाच ९.०५ ची हवी, म्हणजे एक खाच आणि एक दात मिळून होणाऱ्या १८ च्या टप्प्यात दात ८.९५ चा उरेल आणि बसताना एक दशांश मि.मी. जागा राहील. तेवढी जागा सरसाला लागतेच. पहिला काप शून्यावर. तीन फेरे फिरवून दुसरा काप ३ वर. तिसरा काप ९.०५ वजा ३.१, म्हणजे ५.९५ वर. सहा फेऱ्यांना ०.०५ कमी, म्हणजे हँडल १८ अंश अलीकडे थांबवायचं. हँडलमागच्या चकतीवर २० समान खुणा केल्या की एक खूण ०.०५ मि.मी.ची होते आणि कोन मोजत बसावं लागत नाही. मग १८ वर जाऊन पुढची खाच याच क्रमाने.

आट्यांमध्ये थोडी ढिलाई असतेच. नट उजवीकडे ढकलत असताना आट्याच्या एका बाजूला टेकतो, दिशा उलटली की दुसऱ्या बाजूला. मधल्या भागात हँडल फिरतं आणि पाट मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे प्रत्येक जागेवर एकाच दिशेने यायचं. पुढे गेलात तर तेवढंच मागे येऊन थांबू नका. एक पूर्ण फेरा मागे जा आणि पुन्हा पुढे या. सरकत्या पाटाला एक स्प्रिंग किंवा दोरीवरचं वजन कायम एकाच बाजूला ओढत राहील अशी व्यवस्था केली तर हा प्रश्न जवळजवळ संपतो.

खोक्याच्या चारही फळ्या एकत्र बांधून कापता येतात. समोरासमोरच्या दोन सरळ लावायच्या आणि उरलेल्या दोन ९ मि.मी.च्या पट्टीने बाजूला सरकवून लावायच्या. मग एकीचा दात जिथे, तिथे दुसरीची खाच. गठ्ठ्याच्या मागे एक टाकाऊ फळी लावायला विसरू नका. पातं बाहेर पडताना तंतू फाटतात, ते त्या फळीचे फाटू देत. पात्याचे दात सपाट माथ्याचे असावेत. तिरक्या माथ्याचे असले तर खाचेच्या तळाला दोन्ही कोपऱ्यांत बारीक चरे राहतात आणि बाहेरून सांध्यात काळी भोकं दिसतात. घट्टपणाची परीक्षा सोपी आहे : सरस न लावता सांधा हाताच्या जोराने शेवटपर्यंत बसला पाहिजे. कोरडा असतानाच मोगरीचे घाव लागत असतील तर पाण्याच्या सरसाने दात फुगतील आणि सांधा अर्ध्यावर धरून बसेल.

फिंगर जॉइंट जे काही धरतो ते सरसामुळे. डव्हटेल त्याशिवाय निदान एका दिशेने तरी धरतो. रोज ओढल्या जाणाऱ्या ड्रॉवरच्या दर्शनी फळीला म्हणूनच डव्हटेल हवा, आणि खोक्याला फिंगर जॉइंट पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. डव्हटेलचा उतार मऊ लाकडात सहास एक आणि कठीण लाकडात आठास एक ठेवायची रीत आहे. कोनात सांगायचं तर साधारण साडेनऊ आणि सात अंश. अडचण अशी की यात दोन फळ्यांवर दोन वेगळी कामं आहेत. एकीवर टोकाकडे रुंद होत जाणारे दात, म्हणजे शेपट्या, आणि दुसरीवर त्यांच्या मधल्या जागेत बसणारे दात, म्हणजे खुंट्या. शेपट्यांसाठी पातं तिरकं करायचं, खुंट्यांसाठी पातं उभं ठेवून फळीच तिरकी धरायची. सळईचा जिग दोन्ही करतो, पण जुळणी दोनदा करावी लागते.

या अडचणीवर कारखान्यांनी एकदा वेगळाच मार्ग काढला. अमेरिकेत चार्ल्स नॅप यांनी १८६७ मध्ये ड्रॉवरचे सांधे करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्या सांध्यात तिरके दात नव्हतेच. अर्धचंद्राकार कंगोरे, त्यांच्या मधोमध गोल खुंट्या आणि त्यांना जुळणारे खळगे. डव्हटेल यंत्राला जमत नव्हता, मग फिरत्या अवजाराला जो आकार सहज जमतो तोच सांध्याला दिला. डव्हटेलसारखा सांधा पाडणारी यंत्रं आली आणि १९०० च्या सुमारास तो मागे पडला. जुन्या कपाटाच्या ड्रॉवरला कडेवर गोल नक्षी दिसली तर तोच सांधा समजा.

राउटरवर डव्हटेल बिट (कापणारं फिरतं टोक) लावून पुढून न दिसणारा सांधा करतात, तेव्हा दोन्ही फळ्या एकदमच कापल्या जातात. एक आडवी, एक उभी, अर्ध्या टप्प्याने सरकवलेली. तिथे घट्टपणा ठरतो तो बिटच्या खोलीवर. बिट खाली रुंद आणि वर निमुळता असतो. जास्त खोल नेला की लाकडाच्या पृष्ठभागावर त्याचा निमुळता भाग येतो, खाचेचं तोंड लहान होतं आणि सांधा घट्ट होतो. सैल हवा असेल तर बिट थोडा वर. १४ अंशांच्या बिटला खोली अर्ध्या मि.मी.ने बदलली की तोंड पाव मि.मी.ने बदलतं. म्हणजे खोली फार जपून बदलायची. आणि एक कडक नियम : बिट लाकडात असताना राउटर वर उचलायचा नाही. रुंद टोक वर येताना सगळे दात उडवून देतं.

वँडेल यांचंच दुसरं यंत्र म्हणजे पँटोराउटर. क्रिस्टोफ शायनर यांनी १६०३ मध्ये चित्रं लहानमोठी करायला पँटोग्राफ बनवला होता. त्याच्याच भुजांवर इथे पेन्सिलीच्या जागी राउटर आहे. एका टोकाला बेअरिंग एका साच्याभोवती फिरतं, आणि राउटर त्याच्या निम्मी हालचाल करतो. साचा दुप्पट मोठा असल्यामुळे साच्यात ०.२ मि.मी.ची चूक असली तर सांध्यात ती ०.१ होऊन उतरते. हाताने कापून, कानस मारून केलेला साचा इथे बिनधास्त चालतो.

याचं गणित मला फार आवडतं. साच्याबाहेरून बेअरिंग फिरवलं तर दाताची जाडी = (साचा + बेअरिंगचा व्यास) ÷ २ − बिटचा व्यास. स्केटला लागणारं ६०८ क्रमांकाचं बेअरिंग २२ मि.मी.चं असतं. त्याच्याबरोबर ११ चा बिट असेल तर दात साच्याच्या बरोबर निम्मा. १२ चा बिट लावला तर निम्म्याहून १ मि.मी. कमी. दात किंचित जाड हवा असेल तर बेअरिंगवर चिकटपट्टीचा एक वेढा द्या. पट्टी ०.१ मि.मी. जाड असेल तर व्यास ०.२ ने वाढतो आणि दात ०.१ ने. साचा पुढून मागे किंचित निमुळता केला तर पट्टीचीही गरज नाही. साचा पुढे-मागे सरकवला की घट्टपणा बदलतो.

निम्मी होते ती साच्यातली चूक. राउटरच्या बाजूला भुजा जिथे जोडल्या आहेत तिथली ढिलाई मात्र जशीच्या तशी लाकडात उतरते. त्यामुळे भुजांचे टेकू एकमेकांपासून जितके लांब ठेवता येतील तितके ठेवा, आणि साधी भोकं न पाडता तिथे बेअरिंग घाला. तपासायला हँडल घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने राउटर हलवून बघा. तो हलताना जाणवला तर आधी ते दुरुस्त करा, साचा नंतर.

सुरक्षिततेबद्दल बोललंच पाहिजे. स्लेडवर फळी उभी असते तेव्हा करवतीचं नेहमीचं झाकण लावता येत नाही, आणि काप संपताना पातं स्लेडच्या मागून बाहेर येतं. हात नेमका तिथेच जातो. मागच्या बाजूला लाकडाचा जाड ठोकळा कायमचा बसवा, पातं त्याच्या आतच राहील. स्लेड किती पुढे जाईल यालाही अडसर हवा. हँडल फिरवताना स्लेड पूर्ण मागे आणलेलाच असला पाहिजे. फळी हाताने धरून कधीही कापू नका, क्लॅम्प लावा.

यातलं आधी काय करावं? आधी खुंटीचा जिग करा, दोन-तीन खोकी करा, आणि सारखं वेगवेगळ्या मापाचे दात लागायला लागले की सळईचा. पँटोराउटर त्यानंतर, कारण त्याला वेळ आणि जागा दोन्ही लागतात. सळईचा जिग करताना पाटाचा प्रवास तुमच्या सगळ्यात रुंद फळीपेक्षा निदान एका टप्प्याने जास्त ठेवा. फळ्या सरकवून बांधलेल्या असतात, त्यामुळे शेवटची खाच फळीच्या रुंदीच्या पलीकडे पडते.